ती दरड रिकामी नव्हती

आज सकाळी फिरायला गेले, तेव्हा नदीच्या वळणावरची मातीची उभी दरड पोकलेनने खरवडून काढलेली दिसली. काठावरची झाडे तोडून एका बाजूला रचून ठेवली होती. आता तिथे दगड-सिमेंटची भिंत येणार आहे आणि काठ स्वच्छ, सुंदर होणार आहे, असे कामावरच्या माणसाने मला अभिमानाने सांगितले. घरी येऊन तीन तास झाले, तरी राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी आठ-नऊ वर्षांची असताना आजोबांनी मला खंड्याचे घर दाखवले, ते अशाच एका दरडीत. मुठीएवढे भोक आणि त्याखाली ओघळलेल्या विष्ठेची पांढरी रेघ, एवढेच बाहेरून दिसत होते. समोरच्या काठावर आम्ही न बोलता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तो निळा पक्षी मासा घेऊन आला, तेव्हा आजोबा कुजबुजले, "माशाचे डोके बघ कुठे आहे. पिलांना भरवायचे असले, की तो डोके पुढे करून धरतो. म्हणजे पिलाला मासा सरळ गिळता येतो, खवले घशात अडकत नाहीत." भोकाच्या आत चोचीने उकरलेला हातभर बोगदा असतो, हेही त्यांनीच सांगितले. सिमेंटच्या भिंतीत हा बोगदा कोणी आणि कसा खणायचा?

झाडे गेली, तर त्यात काय मोठे, असे म्हणणाऱ्यांचा मला अधिकच संताप येतो. काठावरच्या झाडांची सावली लहान प्रवाहांचे पाणी थंड ठेवते, आणि पाणी जितके तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. उन्हाळे अधिक कडक होत असताना आपण नेमकी ती सावलीच तोडतो आहोत. झाडांची गळलेली पाने खाऊन पाण्यातले किडे जगतात, किड्यांवर मासे आणि माशांवर खंड्या, पाणमांजर, बगळे. पाण्यालगतच्या वाळूत अंडी घालणाऱ्या कित्येक कासवांची पिले नर होणार की मादी, हे तर घरट्यातल्या उष्णतेवर ठरते. तापमान वाढले, की प्राण्यांना थंड, ओलसर जागांकडे सरकावे लागते, आणि अखंड हिरवा काठ ही त्यांची वाट असते. वाट मध्येच भिंतीने तोडली, तर त्यांनी जायचे कुठून?

पुराची भीती खरी आहे, हे मला मान्य करावे लागते; जिथे घरे पाण्याला टेकलेली आहेत, तिथे भिंत लागेलही. पण या वळणावर एकही घर नाही. 1995 साली पुराच्या भीतीने नेदरलँड्समध्ये सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. त्यानंतर भिंती आणखी उंच करण्यावरच न थांबता, त्या देशाने कित्येक ठिकाणी बंधारे मागे हटवून नदीला पसरायला जागा परत दिली. पाण्याशी शतकानुशतके झुंजलेली माणसे जर असे करू शकतात, तर आपण उरलेला मोकळा काठही आवळत का सुटलो आहोत?

आजोबा आज असते, तर एवढे चिडले नसते. ते त्या माणसाला हाताला धरून समोरच्या काठावर घेऊन गेले असते आणि त्याला तासभर गप्प बसवून ते भोक दाखवले असते. मी सकाळी नुसतीच तावातावाने बोलून आले, याचे आता वाईट वाटते. त्या बिचाऱ्याला तिथे काय होते, हे कोणी सांगितलेलेच नसावे.

एवढे लिहून ठेवले आणि संध्याकाळी पुन्हा तिकडे जाऊन आले. यंत्र थांबले होते. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर खंड्या बसलेला होता आणि त्याच्या चोचीत मासा होता, डोके पुढे केलेला. तो उडून खरवडलेल्या मातीसमोर क्षणभर थरथरत थांबला, परत बुंध्यावर आला, पुन्हा गेला. अंधार पडून दिसेनासे होईपर्यंत मी तिथे होते, आणि मासा तोवर त्याच्या चोचीतच होता.