मावशीला पापी ठरवणाऱ्या मेसेजला उत्तर

"खरं ते खरं, खोटं ते खोटं, मधलं काही नसतं. सत्य हरिश्चंद्राच्या देशात 'परिस्थिती बघून ठरवा' ही पळवाट पाश्चात्त्यांनी आणली. भल्यासाठी बोललेलं खोटंही पापच, कारण एकदा सवय लागली की सुटत नाही." महिनाभर हा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. परवा तो मावशीपर्यंत पोचला.

मावशीच्या सासूबाईंची स्मृती गेली आहे. दिवेलागणीला त्या रोज विचारतात, "हे अजून आले नाहीत?" आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. सुरुवातीला मावशीने खरं सांगितलं, तर आजींनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हापासून मावशी सांगते, "बाजारात गेलेत, येतील." आता मला फोन करून विचारते, "मी रोज पाप करतेय का गं?"

पूर्वजांचाच दाखला हवा असेल तर महाभारतातलं कर्णपर्व उघडा. युधिष्ठिर चिडून अर्जुनाला म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. असं म्हणणाऱ्याला ठार मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा असते, म्हणून तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक म्हणजे कायम खरंच बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपली. मागून दरोडेखोर आले, त्यांनी विचारलं आणि याने खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली. नरकात गेला तो कौशिक, त्याच सत्यापायी. "भवेत्सत्यमवक्तव्यं वक्तव्यमनृतं भवेत्" असं कृष्ण तिथे स्पष्ट म्हणतो: कधी खरं बोलू नये आणि कधी खोटं बोलावं, अशी वेळ येते. टिळकांनी 'गीतारहस्या'त 'कर्मजिज्ञासा' हे आख्खं प्रकरण अशाच पेचांवर लिहिलं आहे. मग पळवाट कुणी आणली म्हणता?

उलट, खुनी दारात येऊन तुमचा मित्र कुठे आहे असं विचारत असला तरी खोटं बोलू नये, असं १७९७ साली लिहिणारा तत्त्वज्ञ कांट जर्मन होता. हरिश्चंद्राबद्दल एवढंच, की त्याच्या सत्याची किंमत तारामतीने आणि रोहिदासानेही मोजली.

सवयीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. "सगळ्यांच्या भल्यासाठी" म्हणत मुलाचा आजार लपवून लग्न उरकणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथे भलं फक्त बोलणाऱ्याचंच असतं. शिवाय गरजेचं खोटंही फुकट सुटत नाही. अश्वत्थामा मेला असं धर्मराजाने द्रोणांना सांगितलं आणि जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. शेवटी त्यालाही नरक पाहावा लागला. त्या खोट्याने लढाई फिरली आणि त्याचा डागही राहिला. महाभारत यातलं काहीच झाकत नाही.

"बाजारात गेलेत" म्हणताना मावशीच्याही पोटात दर वेळी कालवतं. तिचं आजींवर प्रेम आहे म्हणून कालवतं, त्याला पापाचा शिक्का मारायचा अधिकार तो मेसेज लिहिणाऱ्याला नाही. आज दिवेलागणीलाही तेच सांग, असं मी तिला सांगितलंय.