दादा, तंबूतल्या चुलीबद्दल तुमचं बरोबर आहे, गॅसबद्दल नाही

नमस्कार दादा. माझ्या चुलीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हणताय की असली एकात एक दोन डब्यांची, काड्यांवर पेटणारी घरगुती चूल करायला शिकवणं म्हणजे पोरांच्या हातात वणवा देणं, फोटोत चूल तंबूच्या दारात दिसतीय ती कुणाचातरी जीव घेईल, आतली जाळी जी.आय.ची, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची आहे तिचा धूर विषारी, आणि १०० ग्रॅमचा गॅस बर्नर मिळत असताना एवढा खटाटोप कशाला.

तंबूचं आधी, कारण तिथं माझी चूक आहे. तो फोटो मी काढून टाकलाय. त्या दिवशी चाळकेवाडीला वारं एवढं होतं की भांडं तापेना, म्हणून आडोशाला चूल दाराच्या पडवीत घेतली आणि फोटो काढला, पण वाचणाऱ्याला वाटणार की अशीच ठेवायची असते. नाही ठेवायची. आपले तंबू नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचे, ते २२० ते २६० डिग्रीला वितळतं आणि वितळलेलं कापड अंगाला चिकटतं. त्याहून वाईट म्हणजे चुलीतनं निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू, ना वास ना रंग, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो, डोकं जड होतंय म्हणून माणूस आडवा होतो आणि तसाच जातो. विझत आलेले निखारे तर जाळापेक्षा जास्त धोक्याचे, कारण धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. बर्फाच्या देशात तंबूत चूल पेटवतात हे खरंय, पण त्यांचा तंबू जाड कॅनव्हासचा असतो, चुलीला बंद दार असतं, धुराडं बाहेर काढलेलं असतं आणि ते जिथनं जातं तिथं न जळणारं कापड शिवलेलं असतं. आपली ही उघड्या तोंडाची चूल आहे. तंबूपासनं दहा पावलं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे ठिणगी तंबूकडं येणार नाही. थंडी वाजली तर अजून एक गोधडी घ्या.

जस्ताचंही मान्य. बाहेरचा आणि आतला, दोन्ही डबे स्टीलचेच आहेत, पण आतली जाळी घरात पडलेल्या जी.आय. जाळीतनं कापली होती. जस्त ४२० डिग्रीला वितळतं आणि ९०७ ला उकळतं, आणि जाळीवर तर थेट निखारे बसतात. दोन-तीनदा पेटवल्यावर जाळीवर पांढरी भुकटी दिसली होती, ते जस्ताचं ऑक्साइड, मी राख समजून झटकली. आपल्या एमआयडीसीत वेल्डिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, जी.आय. पाइप जोडला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, तो याच धुरानं. आता जाळी काढून स्टीलच्या जुन्या चाळणीचा तळ बसवलाय. ज्यांनी माझं बघून चूल केली असेल त्यांनी आजच जाळी बदला. डबासुद्धा रंगाचा, तेलाचा घेऊ नका, आतनं लेप असतो. भांड्याच्या दुकानातलाच स्टीलचा घ्या.

आता गॅसचं. इथं मात्र मला तुमचं पटत नाही. बर्नर १०० ग्रॅमचा खरा, पण त्याखाली गॅसची डबी लागते. २३० ग्रॅम गॅसची भरलेली डबी वजनकाट्यावर साधारण ३८० भरते, म्हणजे दोन्ही मिळून पावणेपाचशे. माझी चूल जाळी आणि भांड्याच्या तीन पायांसकट ४१० ग्रॅम, आणि जळण पाठीवर नाही. पण वजनापेक्षा मला रिकाम्या डब्यांचा त्रास वाटतो. दोन वर्षांत मी सड्यावरनं, म्हणजे खडकाळ पठारावरनं, आणि धबधब्यांच्या बाजूनं असल्या डब्या गोणीत भरून खाली आणल्यात, गंज चढलेल्या, काही तर आगीत टाकून फुटलेल्या. गॅस वापरणारे सगळे असं करत नाहीत हे मान्य, तुम्ही तर नक्कीच करत नसणार.

आणि वणव्याचं म्हणाल तर ही चूल वणवा लावायला नाही, तीन दगडांची चूल बंद व्हावी म्हणून केलीय. तीन दगडांत माणूस मनगटाएवढं लाकूड घालतो, बहुतेक उष्णता वाऱ्यावर जाते, जमीन काळी पडते आणि रात्री वारं सुटलं की निखारे गवतात. डबलडब्यात तसं होत नाही. बाहेरचा डबा १३ सेंटिमीटर रुंद, आतला १०, मधल्या फटीतनं हवा वर चढता चढता तापते आणि आतल्या डब्याच्या वरच्या कडेची ६ मिलिमीटरची भोकं आहेत ना, तिथनं ती गरम हवा धुरात घुसते आणि धूरच पेटतो. म्हणूनच काड्या आधी भरायच्या आणि वरनं पेटवायच्या, खालनं नाही, हे पहिल्यांदा कुणाला पटत नाही पण करून बघा, दोन-तीन मिनिटांत धूर नाहीसा होतो आणि भोकांतनं गॅसच्या शेगडीसारख्या जिभा दिसतात. बोटाएवढ्या जाडीच्या काड्या, मोडताना कट आवाज आला तरच घ्यायच्या, वाकली तर ओली. एक लिटर पाण्याला माझ्याकडं दीड-पावणेदोनशे ग्रॅम काड्या लागतात. घाणेरीच्या वाळलेल्या काड्या उत्तम, ती वाढून बसलीय सगळीकडं, कमी झालेली बरीच. कण्हेरीच्या आणि शेराच्या काड्या मात्र चुकूनही नको, धूरसुद्धा वाईट.

पण जागा आणि महिना पाळायलाच लागतो, आणि हे मी मूळ लेखात एका ओळीत उरकलं होतं ते बरोबर नव्हतं. कोयना अभयारण्यात, राखीव वनात चूल काढायचीच नाही, तिथल्या वासोटा किल्ल्याला गेलात तर डबा घरनं न्या. कासच्या पठारावर तर विषयच नाही. जांभ्या दगडावर बोटभर माती, त्यावरची फुलं, त्यांच्यामुळंच ते २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलं, तिथं एक काळा डाग पडला तरी तो पुढं किती वर्षं राहील. मी पेटवतो ती शेतमालकाला विचारून, नांगरलेल्या रानात किंवा उघड्या खडकावर, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर एवढंच. डिसेंबरनंतर गवत वाळून कडकड वाजतं, तेव्हा चूल घरी. जानेवारी ते मे मी चिवडा, भाकरी, ठेचा आणि दशम्या नेतो आणि चहाची तलफ थर्मासवर भागवतो.

विझवताना पाणी ओतून राख ढवळायची, मग हात घालून बघायचा. गरम लागली तर अजून पाणी. माझ्याकडं दोन माणसांच्या चहा-पिठल्याची राख मुठीएवढीच होते, ती पिशवीत भरून परत आणतो आणि घरच्या जास्वंदीला घालतो.

नव्या जाळीचं माप तुम्हाला हवं असेल तर: व्यास ९.५ सेंटिमीटर, तळापासनं ३ सेंटिमीटर वर, तीन खिळ्यांवर टेकवलेली. खिळेही स्टीलचे घ्या.