निक्सनच्या राजीनाम्याचा तो मेसेज खोटा आहे

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय, ‘अमेरिकेच्या अध्यक्ष निक्सननं टीव्हीवर गुन्हा कबूल केला, नैतिकतेपोटी खुर्ची सोडली आणि तुरुंगात गेला. आपल्याकडे असा एकही माणूस झाला नाही.’ चांगली शिकलीसवरलेली मंडळी तो पुढे ढकलतायत, म्हणून लिहितोय.

कबुली? ८ ऑगस्ट १९७४ च्या रात्रीच्या त्या भाषणात कबुली नाहीच. काही निर्णय चुकले, पण ते देशहिताचे समजूनच घेतले, एवढंच तो बोलला. राजीनाम्याचं कारण त्यानं स्वतःच दिलं: संसदेत आता पुरेसा पाठिंबा उरलेला नाही.

नैतिकतेचं म्हणाल तर तो दोन वर्षं खुर्चीला चिकटून होता. १६-१७ जून १९७२ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीच्या पहारेकऱ्याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली. त्यानं ती काढली. पुढच्या फेरीत पाहतो तर पुन्हा लावलेली! त्यानं पोलिसांना फोन केला आणि विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेले पाच जण सापडले. त्यांचे धागे निक्सनच्या प्रचार समितीपर्यंत पोचत होते. पुढे निक्सननं चौकशी करणाऱ्या विशेष वकिलालाच काढायला लावलं, स्वतःच्या संभाषणांच्या टेप दडवल्या. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध ० असा निकाल देऊन त्या मागवल्या. एका टेपमध्ये तपास दाबायचा बेत त्याच्याच आवाजात निघाला. मग त्याच्याच पक्षाचे नेते ७ ऑगस्टला भेटून सांगून आले की सिनेटमधल्या महाभियोगाच्या खटल्यात तुमचा निभाव लागणार नाही. पहारेकरी, न्यायाधीश, स्वपक्षाचे खासदार, सगळ्यांना पुसून श्रेय निक्सनच्या सद्सद्विवेकाला द्यायचं, याचा मला खरंच संताप येतो.

तुरुंगात त्याचे सहकारी गेले. त्याला, त्याच्या जागी अध्यक्ष झालेल्या फोर्डनं ८ सप्टेंबरला माफी देऊन टाकली.

आता ‘आपल्याकडे एकही नाही’. अंतुले १९८२ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदावरून गेले, ते उच्च न्यायालयाच्या सिमेंट प्रकरणातल्या (सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या) निकालानंतर. तिथेही कोर्टच लागलं. पण निव्वळ नैतिक जबाबदारीचाच राजीनामा हवा असेल, तर भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तरी तो ठाऊक असायला हवा: १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी दिलेला. त्यांच्यावर ना कुठला खटला होता, ना कुठली टेप.