एचआयव्ही आहे म्हणून मूल मागायचं नाही का?

एचआयव्ही असलेल्या बाईनं मूल हवंय म्हटलं की तिला सगळ्यात आधी ऐकावं लागतं, "आधी स्वतःचं पाहा, लेकराला कशाला यात ओढते?" घरचे तर बोलतातच पण शिकलेसवरलेले डॉक्टर-नर्ससुद्धा बोलतात, आणि मला याचा खरंच संताप येतो. उत्तर नागपूरच्या वस्त्यांमधे मी एचआयव्ही असलेल्या बायांसोबतच काम करते म्हणून लिहितेय.

उपचार घेतलेच नाही तर आईकडून बाळाला लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के असते, खरंय. पण गोळी रोज न चुकता घेतली, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण दबलेलं राहिलं, जन्मल्यावर बाळाला औषध दिलं, तर तीच 5 टक्क्यांच्याही खाली येते. एआरटी, म्हणजे याच गोळ्यांचा उपचार, 2004 पासून सरकारी दवाखान्यात फुकट आहे, आपल्याकडे नागपुरात मेडिकल कॉलेजला मिळते, मेयो हॉस्पिटलला मिळते. मग अडतं कुठं?

अडतं भीतीपायी. लग्नाला दोन वर्षं झाली की सासू विचारते, शेजारीण विचारते, आणि सासरी आजाराचं कोणाला माहीतच नसतं, तर ही सांगणार काय? एकीनं गोळ्यांच्या डबीवरचं लेबल खरवडून काढलेलं, आत कापूस कोंबलेला, हलली तर वाजू नये म्हणून, आणि डबी तांदळाच्या डब्यात खुपसलेली. पाचवा महिना लागला तेव्हा मला म्हणाली, "ताई, मले दिवस गेले हे मॅडमले नका सांगजा, ओरडतीन मले." रागावल्यानं दिवस राहायचं थांबत नाही हो, फक्त लपवणं वाढतं, आणि जो व्हायरल लोड आधी पाहायला पाहिजे तो पाचव्या महिन्यात पाहिला जातो.

काही ठिकाणी तर "आधी नसबंदीचं ऑपरेशन करून घे" असं सरळ सांगतात. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, नीट समजावून संमती घेतल्याशिवाय कुठलाही उपचार करता येत नाही, हे बायांना कोणी सांगतच नाही.

आणि बाळ झाल्यावर घुट्टीचं काय? अंगावरचं दूध पाजत असेल तर सहा महिने फक्त तेच, सोबत वरचं काही दिलं तर लागणीचा धोका वाढतो, पण सासू चमचा घेऊन तयारच असते. मी बायांना सांगते, फक्त अंगावरचं हा सल्ला तर प्रत्येकच आईला देतात, बिनधास्त डॉक्टरांचं नाव सांगा, त्यात तुमचं गुपित फुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोळ्या घ्यायला येतात तेव्हाच विचारा ना, मूल हवंय का, केव्हा हवंय. नवऱ्यालाही विचारा, त्यालाही बाप व्हायचं असतं. हो म्हणाले तर आधी व्हायरल लोड करा, रिपोर्ट दोघांना समोर बसवून समजवा आणि मग दिवस राहायच्या तारखा सांगा.