आदर्श प्रकल्पग्रस्त कसे व्हावे

गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, पांढरी बोलेरो थांबली, तिच्यातून दोन पोरं उतरली आणि तिपाईवर यंत्र ठेवून एक डोळा मिटून तुमच्या कलमांच्या दिशेने बघायला लागली, की आधी त्यांना पाणी विचारा. काय मोजताय, एवढं मात्र विचारू नका. 'रस्त्याचं काम आहे, काका,' असं ते सांगतील. मान डोलवा. आपण प्रकल्पग्रस्त झालो हे ज्याला सगळ्यात शेवटी कळतं, तोच खरा आदर्श प्रकल्पग्रस्त. कळायची रीतही ठरलेली आहे : पेपरच्या आतल्या पानावरची जाहीर सूचना, टाइप असा की चष्म्याचा नंबर वाढावा.

पुढची पायरी पाठांतराची. माझी जमीन ओसाड आहे, असं रोज सकाळी म्हणायचं. पावसात सड्यावर गुरं चरतात, तिथेच मुरलेलं पाणी खाली वाडीतल्या विहिरींना येतं, हे मनातसुद्धा आणायचं नाही. कातळावर काही हजार वर्षांपूर्वी कुणीतरी माणसं-प्राणी कोरून ठेवलेत, हे तर मुळीच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि २०२३ च्या एप्रिलात त्याच बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण करायला ड्रिलिंगची यंत्रं पोचली. पाठोपाठ पोलिसांच्या गाड्या. बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, मग लाठ्या आणि अश्रुधूर. आता मातीची तपासणी करायला अश्रुधूर कशाला लागतो, असले शास्त्रीय प्रश्न आपल्यासारख्यांनी विचारू नयेत.

'बाहेरचे लोक' कोण, हे ओळखायला शिका. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. सौदी अरेबियाची अराम्को आणि अबुधाबीची ॲडनॉक या तेल कंपन्यांचा मिळून निम्मा वाटा ठरला होता, वर्षाला ६ कोटी टनांची ती रिफायनरी व्हायची होती. ही मंडळी आपली. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतून शिमग्याला गावी येणारा चाकरमानी, ज्याचं सातबाऱ्यावर नाव आहे आणि घरात देव आहेत, तो बाहेरचा. त्याने गावकऱ्यांना भडकवलं, असं म्हणायचं. डॉलरचंही तसंच. प्रकल्पात आला की गुंतवणूक, आंदोलनाच्या आसपास दिसला की कारस्थान. २०१४ साली गुप्तचर विभागाचा एक अहवाल फुटला होता. स्वयंसेवी संस्थांच्या आंदोलनांमुळे देशाचा विकासदर वर्षाला २ ते ३ टक्क्यांनी घटतो, असं त्यात लिहिलेलं. धरणं धरायला बसलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगात एवढं बळ असेल, तर त्यांना थेट नियोजन खात्यातच घ्यायला हवं होतं.

पण या सगळ्याहून मोठं पथ्य एकच आहे : हिशेब करू नका. घोषणा द्या, उपोषण करा, मोर्चा काढा, कुणाची ना नाही. त्यासाठी जमावबंदीचा आदेश तयारच असतो. कागद मागवून बेरीज-वजाबाकी करायला बसलात, की मात्र तुम्ही विकासविरोधी.

गुहागरकरांनी ही चूक केली. त्यांच्या तालुक्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभारायला १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीची माणसं मुंबईत आली आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाने त्यांच्याशी सामंजस्य करार करून टाकला. निविदा नाही, स्पर्धा नाही. खासगीकरणाचा मंत्र जगाला देणाऱ्या जागतिक बँकेनेच १९९३ साली सांगितलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, आम्ही कर्ज देणार नाही. गुरूनेच कान टोचले. तरी शिष्य ऐकेना.

करारातली गोम साधी होती. एखाद्या खानावळीत तुम्ही जेवा नाही तर उपाशी राहा, पूर्ण ताटाचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यायचे, तेही डॉलरच्या भावाने, आणि तुम्ही बुडवलेत तर तुमचा बाप भरेल असं आधीच लिहून द्यायचं. वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार चालूच, रुपया घसरला की बिल चढणार, आणि बापाच्या जागी राज्याची हमी, वर केंद्राची प्रतिहमी. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटाने हे आकडेमोड करून दाखवलं, सभांमधून ते गावोगाव पोचलं. प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या मच्छीमार बायकांना डॉलरचा भाव माहीत नसेल कदाचित, पण न घेतलेल्या मालाचे पैसे द्यायचे नसतात, एवढा व्यवहार त्यांना रोजच्या पाटीवरून ठाऊक होता.

कंपनीने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही असं नाही हं. एन्रॉनच्या एका उपाध्यक्षबाईंनी १९९५ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की भारतात लोकांना 'शिक्षित' करण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर आम्ही सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. गुहागर तालुक्यातल्या कुठल्या शाळेवर पत्रे चढले म्हणता? ते शिक्षण वेगळं होतं. वेलदूरचा वर्ग ३ जून १९९७ रोजी पहाटे भरला. पोलीस घरात घुसले आणि बायकांना मारत बाहेर ओढलं. प्रकल्पाच्या रक्षणाला उभ्या असलेल्या राज्य पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हे ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने १९९९ च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. सरकार विकत मिळतं असं कुणी म्हणू नये. पोलीस मात्र भाड्याने मिळत होते.

आणि नेत्यांवर भरवसा ठेवा. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजपवाले एन्रॉन अरबी समुद्रात बुडवणार होते. सत्ता आली, करार रद्दही झाला, आणि काही महिन्यांत समुद्रातून वर आला तो आधीपेक्षा मोठा होऊन, दोन्ही टप्पे मिळून २,००० मेगावॉटच्या पुढे. केंद्रात जेमतेम तेरा दिवस टिकलेल्या सरकारनेही १९९६ साली जाता जाता प्रतिहमीचं काम तेवढं उरकलं. बारसूचंही फार वेगळं नाही : याच रिफायनरीच्या आधीच्या जागेला, नाणारला, विरोध करणाऱ्या पक्षाच्याच मुख्यमंत्र्यांनी बारसूची जागा केंद्राला सुचवली आणि सत्ता गेल्यावर त्याच पक्षाची मंडळी आंदोलकांना भेटायला आली. येऊ द्यावं. चहा द्यावा.

मे १९९९ मध्ये दाभोळची वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणं बंद केलं, कारण बिल झेपेना. त्याच साली राज्य सरकारने नेमलेल्या गोडबोले समितीने करारावर ताशेरे ओढले आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. बंद पडलेला कारखाना पुढे २००५ साली उचलला तो एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी. खासगी कार्यक्षमतेचं बाळंतपण शेवटी सरकारी दवाखान्यातच झालं. बायकांचं गणित बरोबर निघालं, तेव्हा आंदोलनात त्यांच्यावर घातलेले खटले रद्द करून त्यांना वीज मंडळाच्या सल्लागार मंडळावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही अजून पुरेसे शिक्षित झालेला नाही.

पेणकरांनी तर कहरच केला. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेलमधली जमीन हवी होती. सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, २००५ च्या कायद्याने जकातीपुरता देशाबाहेर धरलेला तुकडा, आत तेव्हा पहिली पाच वर्षं निर्यातीच्या नफ्यावर आयकर नव्हता. असा परदेश दाराशी येत असताना ही माणसं हेटवणे धरणाचं पाणी मागत बसली. शेकापच्या एन. डी. पाटलांसारखा माणूस पुढे आणि मागे हरकतींचे गठ्ठे घेऊन शेतकरी. शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने पेणच्या २२ गावांत जनमत घेतलं. सरकारकडून अशी चूक क्वचितच होते. मतं पडली, मोजलीही गेली असतील, निकाल मात्र अधिकृतपणे जाहीर झाला नाही. न सांगता सगळ्यांना कळलेला बहुधा हा एकच निकाल. तोवर शेतकऱ्यांनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यातलं ११-अ कलम तोंडपाठ केलं होतं : दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादन रद्द. २००९ साली मुदत संपली आणि जमीन जागच्या जागी राहिली. शेजारी गोव्याने तर ३१ डिसेंबर २००७ ला, लोक रस्त्यावर उतरल्यावर, सगळे सेझ रद्द करायचा निर्णय जाहीर केला होता. थर्टी फर्स्टच्या धांदलीत घेतलेला निर्णय म्हणून तो सोडून द्यावा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधितांची संमती लागते, असं कुणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका. आपल्याकडे एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा, १९६१ चा कायदा आहे, त्यात संमती नावाची भानगडच नाही. जमीन घ्यायची कलम ३२(२) ची नोटीस येते, ती सही करून घ्यायची.

प्रकल्पाच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला मात्र जरूर जा. मांडव असतो, पंखे असतात, मागे पोलीस असतात. जाडजूड अहवाल इंग्रजीत आणि मराठीत सारांश, तो वाचायची तसदी घेऊ नका. माईक हातात आला की एकच विचारा, 'साहेब, स्थानिकांना रोजगार मिळेल ना?' साहेब 'नक्की' म्हणतील. इतिवृत्तात मग असं लिहिलं जातं की ग्रामस्थांनी रोजगाराबाबत विचारणा करून प्रकल्पाचे स्वागत केले.