कॉर्सेट मुखपृष्ठांमुळे सुटले नाही

‘आर्ट नूव्हो शैलीच्या मासिकांवर चित्रकारांनी सैल, झुळझुळीत वस्त्रांतल्या स्त्रिया रंगवल्या आणि त्या पाहून युरोपातल्या बायकांनी कॉर्सेट टाकून दिले’, असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. (कॉर्सेट म्हणजे कंबर आवळून बारीक करणारे ताठ अंतर्वस्त्र; आर्ट नूव्हो म्हणजे १९०० च्या आसपासची, वळणदार रेषांची कलाशैली.) माझ्या भाचीने तो महाविद्यालयाच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पुरावा म्हणून सोबत या शैलीतले चेक चित्रकार आल्फोन्स मुखा यांचे ‘राशिचक्र’ जोडलेले असते. १८९६ साली काढलेले हे चित्र मुळात दिनदर्शिकेसाठी होते. पॅरिसच्या ‘ला प्ल्यूम’ या नियतकालिकाने १८९७ ची दिनदर्शिका म्हणून ते वापरले. चित्रात बाजूने दिसणारा चेहरा आहे, रत्नजडित मुकुट आहे, गळ्यात जड दागिना आहे, वेलीसारखे वळत गेलेले केस आणि मागे राशींचे वर्तुळ आहे. आकृती छातीपाशीच संपते. ज्या चित्रात कंबरच नाही, त्यावरून कंबर मोकळी झाली असे कसे म्हणता येईल? उलट १९०० च्या सुमारास, ही शैली ऐन भरात असताना, छाती पुढे आणि नितंब मागे ढकलणारे कॉर्सेट फॅशनमध्ये होते.

खरा संताप येतो तो पोशाख सुधारण्यासाठी झगडलेल्या स्त्रियांचे श्रेय हिरावून घेतल्याचा. अमेरिकेत अमेलिया ब्लूमर यांनी १८५१ मध्येच आपल्या ‘द लिली’ या पत्रातून आखूड झगा व त्याखाली सैल विजार या पोशाखाचा पुरस्कार केला आणि त्यापायी कुचेष्टा सोसली. लंडनमध्ये १८८१ साली लेडी हार्बर्टन यांच्या पुढाकाराने ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ स्थापन झाली. १८८८ पासून निघालेल्या तिच्या गॅझेटमध्ये जोडे वगळता अंतर्वस्त्रांचे वजन ७ पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंहून, अधिक नसावे, असे स्पष्ट छापले आहे. सुधारकांनाच जिथे एवढी मर्यादा घालावी लागली, तिथे त्याआधी बायका किती ओझे वागवत असतील, याचा विचार करावा. हे लिहिले गेले तेव्हा मुखा यांचे राशिचक्र आठ वर्षे दूर होते.

‘कंबर बारीक दिसावी म्हणून बायका फासळ्या काढून घेत’ या त्याच मजकुरातल्या विधानाला विश्वसनीय पुरावा नाही. त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: कलावंतही या सुधारणेत उतरले होते. १९०० साली जर्मनीतील क्रेफेल्ड येथे हेन्री व्हान द व्हेल्डे आदी कलावंतांनी आखलेल्या सुधारित पोशाखांचे प्रदर्शन भरले होते. परंतु स्त्रियांचा पोशाख सुधारण्यासाठीची संघटना बर्लिनमध्ये त्याआधीच, १८९६ साली, उभी राहिली होती; आणि पोशाख-सुधारक अॅना मुथेसियस यांनी १९०३ च्या आपल्या पुस्तकात, स्त्रीने आपला पोशाख स्वतःच ठरवावा, असा आग्रह धरला.