गोठ्याचं काय एवढं?

गेले दोन आठवडे फॅमिली ग्रुपवर एकच विषय, गावच्या वाड्यामागचा गोठा पाडून तिथे आरसीसीत दोन खोल्या काढायच्या का. काकांचं म्हणणं वाडा ठेवा, तो पूर्वजांचा, गोठ्याचं काय एवढं. चुलतभाऊ म्हणतो, तुम्हा लंडनवाल्यांना तिथे बसून बोलायला काय जातंय. मी लंडनात नाही, स्टॅफर्डशायरला आहे, पण गावात सगळं इंग्लंड म्हणजे लंडनच, असो.

मी रोज फिरायला जातो त्या रस्त्यावर विटांचा एक जुना बार्न, म्हणजे धान्य-गवत ठेवायचं कोठार, आहे आणि त्याला लागून घोड्यांचा तबेला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हौसेने जाळी केलीय, कारण भिंतीत मधल्या मधल्या विटा गाळून शंकरपाळ्यासारखी भोकं ठेवलीयत. ती हवेसाठी. ओलं गवत दाबून रचलं की ढीग आतून तापतो, कधी आपोआप पेटतोसुद्धा. वर भिंतीच्या त्रिकोणात आणखी एक भोक, ते घुबडाला आत यायला, म्हणजे उंदीर कमी होतात. आपल्याकडे घुबड दिसलं की आजी दार लावून घ्यायची, इथे त्याच्यासाठी दार ठेवलंय!

मधोमध समोरासमोर दोन मोठी दारं, गाडा भरलेला आत शिरेल एवढी, आणि त्यांच्या मधली जमीन म्हणजे चक्क खळं. आपलं खळं उघड्यावर कारण सुगीनंतर ऊन हमखास, इथे पावसाचा भरवसा नाही म्हणून ते छपराखाली, हिवाळाभर आत बसून दांड्यांनी झोडपायचे आणि दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जाऊन भुसा उडायचा. आमचे आजोबा उफणायला वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभे राहून वाऱ्याची वाट बघायचे, यांनी वाऱ्याला वाटच बांधून दिली. नॉरफोकमध्ये हेल्स हॉलचा विटांचा बार्न पंधराव्या शतकाच्या शेवटचा आहे, १८० फुटांहून लांब, आणि अजून उभा. तबेल्याची तऱ्हा वेगळी, घोडा महागडा म्हणून त्याला उंच छत, वर गवताचा माळा, खाली मूत वाहून जायला उताराची फरशी.

आता कायदा. इथे १७०० च्या आधीची इमारत बऱ्यापैकी मूळ रूपात टिकली असेल तर ती बहुतेक लिस्टेड होते, म्हणजे सरकारच्या संरक्षित यादीत जाते, मग ती चर्च असो की गोठा. लिस्टेड घराच्या आवारातलं १ जुलै १९४८ च्या आधीपासूनचं बांधकामही सहसा त्याच संरक्षणात येतं. वटवाघळं निघाली तर त्यांचा वेगळा कायदा. आणि हे सगळं सांभाळायचा खर्च मुख्यतः मालकाच्या बोकांडी, त्यामुळे बरेच बार्न शेवटी पैसेवाल्यांची घरं झालीत, खळ्याच्या दारात उभी काच आणि आत किचन आयलंड. मला ते बघून थोडं हसू येतं, पण छप्पर गळत नाही हेही खरं.

आपल्याकडे वारसा म्हटलं की शनिवारवाडा, सरदार, पेशवे. पुण्यात वाडे पडले की दोन दिवस हळहळ, आणि त्यामागे भाडेकरू, वीस-वीस वारस, सातबाऱ्यावरची भांडणं असतात, ते परदेशात बसून सुटत नाही, चुलतभाऊ इथे बरोबर आहे. पण गोठ्याचा तर विचारसुद्धा कुणी करत नाही, आणि घर चालायचं ते त्याच्याच जोरावर.

मागच्या वर्षी एका गवंड्याने आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला सिमेंट थापलं, पावसाळ्यानंतर आतून पोपडे. इथे त्या बार्नवर एक म्हातारा गवंडी छिन्नीने विटांच्या सांध्यातलं जुनं सिमेंट खरवडून काढत होता, हातात घेतलेल्या विटेचा वरचा पापुद्रा सुटून आलेला. म्हणाला, सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही, मग वीट फुटते, चुनाच हवा. चुना! आमच्याकडे चुना मळायच्या घाणीचा दगड अजून अंगणात पडलाय, त्यावर बसून पोरं मोबाईल बघतात.

काल ग्रुपवर लिहिलं, गोठ्याची कौलं आणि चुन्याचं काम माझ्याकडून. काकांनी अंगठा दिला. चुलतभावाने विचारलं, एकदाच की दरवर्षी?